हूं म्हणणारा माणूस

मराठवाड्यात पावसाचा भरवसा नाही, भाषणाचा आहे. मृग कोरडा जाईल, पण लग्नाच्या मांडवात मंगलाष्टकांच्या आधी तीन पुढारी वधूवरांना आशीर्वाद देणार म्हणजे देणारच. नवरानवरी घामाघूम, अक्षता लोकांच्या मुठीत भिजलेल्या, मुहूर्त कधीच टळलेला, आणि माइकवर कुणीतरी नवरदेवाच्या चुलत्यानं पंचायत समितीत केलेल्या कामांची उजळणी करतंय. दशक्रियेला आधी प्रवचन, मग श्रद्धांजलीपर दोन शब्द, आणि ते दोन शब्द बोलायला नऊ जण. शाळांना तर आमच्याकडं एक दिवस जादाच मिळालाय. 17 सप्टेंबर 1948ला हैदराबाद संस्थानात निजामाची राजवट संपली, म्हणून दरवर्षी त्या दिवशी झेंडावंदन असतं. 15 ऑगस्टला पाठ केलेलं भाषण महिनाभरात नावं बदलून पुन्हा उभं राहतं.

मी परभणीकडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. मराठीचा मास्तर म्हटल्यावर सूत्रसंचालन, आभारप्रदर्शन आणि वक्तृत्व स्पर्धेची मुलं तयार करणं ही कामं न सांगता गळ्यात पडतात. त्यामुळं व्यासपीठाच्या कडेला उभं राहून समोरच्या लोकांकडं बघण्यात माझा बराच काळ गेला. बोलणाऱ्याकडं सगळे बघतात, ऐकणाऱ्यांकडं कुणीच बघत नाही. मला त्याचा नाद लागला.

आणि एक गोष्ट सारखी डोक्यात घोळत राहिली. मारुतीच्या पारासमोर ज्या सतरंजीवर बसून जी माणसं पाहुण्याच्या पंधरा मिनिटांच्या भाषणात चुळबुळ करतात, तीच माणसं त्याच सतरंजीवर सप्ताहातलं दोन तासांचं कीर्तन मांडी न मोडता ऐकतात. तेही रात्री 9 ते 11, दिवसभर कापूस वेचून आल्यावर. मोबाइलमुळं आता कुणाचं लक्षच टिकत नाही असं म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं. भक्तीचा भाग आहेच, तो मी नाकारत नाही. पण कीर्तन रंगलं नाही तर भाविकसुद्धा हळूच चपला शोधायला लागतात, हेही पाहिलंय.

कीर्तनकार एकटा बोलत नसतो, ही त्यातली मेख आहे. मध्ये महाराज, मागं विणेकरी, एका अंगाला मृदंग, दोन्ही बाजूंना टाळकऱ्यांच्या रांगा आणि त्यांत एकदोन पक्क्या गळ्याचे गायक. महाराज प्रमाणाचं, म्हणजे दाखल्याला घेतलेल्या ओवी-अभंगाचं, अर्धं चरण उचलतात आणि सोडून देतात, उरलेलं अर्धं टाळकरी पुरं करतात. मुद्दा रंगला की कुणीतरी चाल धरतं, टाळ वाजतात, तेवढ्यात महाराज दम खातात, घोटभर पाणी पितात, पुढं काय घ्यायचं ते मनात जुळवतात. समोर एखाद्याची मान कलंडायला लागली की ‘विठोबा रखुमाई’चा गजर. दोन तासांचं कीर्तन करणारा माणूस सलग दोन तास बोलतच नाही, म्हणून त्याला बोलवतं आणि लोकांना ऐकवतं.

निरूपणाला घेतलेल्या अभंगाचं ध्रुपद तर फिरून फिरून येतं. यामागं मला खेड्यातल्या श्रोत्याची पुरी ओळख दिसते. आमच्याकडं ऐकणारा वेळेवर येत नाही. म्हशीची धार काढून, भाकरी थापून, लेकरं निजवून बाया येतात तोवर अभंगाचे दोन चरण होऊन गेलेले असतात. ध्रुपद परत आलं की उशिरा आलेलीलाही कळतं, आपण कुठं आहोत. आमचे पाहुणे वक्ते मात्र विषय काय तो सुरुवातीला एकदाच सांगतात. अर्धा मांडव त्यानंतर भरलेला असतो आणि त्या अर्ध्या मांडवाला शेवटपर्यंत कळत नाही की हा गृहस्थ एवढा कशावर चिडलाय.

या मुलखातल्या बोलण्याच्या जुन्या तऱ्हा आठवून बघा, बहुतेकींमध्ये असा दुसरा आवाज सापडतो. गोंधळात मुख्य गोंधळी कथा लावतो आणि साथीदारांतला एक जण मध्येच बावळट प्रश्न टाकतो. तो प्रश्न समोर बसलेल्या निम्म्या लोकांच्या मनात असतोच, विचारायची लाज वाटत असते एवढंच. पोवाड्यात शाहिराच्या मागं झीलकरी ‘जी जी रं जी’ करत उभे असतात. घरात आजी गोष्ट सांगायची तेव्हा पहिली अट असायची, ‘हूं म्हण’. हूं थांबला की गोष्टही थांबायची, कारण पोरगं झोपलं. तिला घड्याळ लागत नव्हतं.

मुशायऱ्यात तर ही गोष्ट कलेच्या टोकाला गेलेली दिसते. वली आणि सिराज या जुन्या उर्दू शायरांचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर, तिथं मी काही मुशायरे ऐकलेत. शायर पहिली ओळ म्हणतो आणि थांबतो. तीच ओळ पुन्हा म्हणतो. आता ती ओळ लोकांनी उचललेली असते, कुणी मान हलवतं, कुणी दुसऱ्या ओळीचा अंदाज बांधायला लागतं. मग दुसरी ओळ पडते आणि सभागृह उसळतं. आवडली तर खालून ‘मुकर्रर’ अशी आरोळी येते आणि शेर परत म्हणावा लागतो. माझं उर्दू यथातथाच. निम्मे शब्द डोक्यावरून जात असताना मी मध्यरात्र उलटेपर्यंत तिथं बसलेलो आहे, केवळ त्या दोन ओळींच्या मधल्या थांबण्यासाठी. आम्ही मुलांना ‘अस्खलित बोल, कुठं अडू नकोस’ असं शिकवतो, आणि इथं थांबण्यावरच सगळा डाव.

मग शाळेत काय होतं? हूं म्हणणाऱ्या त्या माणसाला आम्ही आधी बाहेर काढतो.

वक्तृत्व स्पर्धा जवळून बघितली असेल तर ठाऊकच असेल. पाच मिनिटं अधिक दोन, चौथ्या मिनिटाला इशाऱ्याची घंटा. गुणपत्रिकेत रकाने असतात: विषयाची मांडणी, उच्चार, आवाजातले चढउतार, हावभाव, वेळेचं भान. ऐकणाऱ्यांचं काय झालं, याला रकाना नाही. परीक्षक तिघं आणि तिघांच्याही माना गुण लिहायला खाली. पोरगं ‘आदरणीय व्यासपीठ, वंदनीय गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रमैत्रिणींनो’ असं जे सुटतं ते मधल्या परीक्षकांच्या टकलाला उद्देशून. ते बालमित्रमैत्रिणी मागच्या बाकांवर ओठ हलवत आपापलं पाठांतर घोकत असतात. समोर माणूस असून नसल्यासारखा, अशा जागी आम्ही मुलांना बोलायची सवय लावतो. पुढं हाच मुलगा सरपंच होतो, संस्थेचा सचिव होतो, लग्नात आशीर्वाद द्यायला उभा राहतो, आणि समोर कुणी आहे याची त्याला खबर नसते. हातवारे मात्र बक्षीसपात्र.

उच्चारांचा एक वेगळाच छळ आहे. ‘पाणी’च्या जागी ‘पानी’ आलं की गुण गेले. प्रमाण भाषा यायला हवी, तेवढ्यासाठी तर मला पगार मिळतो. पण जीभ सांभाळण्यातच पोरीचा सगळा जीव गुंतला तर समोर बघायला तिच्याकडं काय उरणार?

माझे डोळे उघडले ते महाविद्यालयाबाहेर. गावच्या ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची, अशी आपल्या कायद्यातच तरतूद आहे. कागदोपत्री ती होतेही. एका गावात बचत गटांचं काम बघणाऱ्या ताईंनी मला बोलावलं, ‘सर, आमच्या बायांना जरा बोलायला शिकवा, सभेत तोंडच उघडत नाहीत.’ गेलो. पत्र्याचं शेड, कडेला शेवया करायचं मशीन, समोर तीसचाळीस बाया. प्रत्येकीनं गावच्या एका कामावर तीन मिनिटं बोलायचं, असं ठरलं.

पहिल्या उठल्या त्या चाळिशीतल्या वहिनी होत्या. गटाचा सगळा हिशोब तोंडपाठ, आणि भांडणात गाव ज्यांना वचकून असतं अशा. माइक हातात घेतला आणि म्हणाल्या, ‘आदरणीय व्यासपीठ.’ तिथं व्यासपीठ नव्हतंच. एवढं बोलून ज्या थांबल्या त्या थांबल्या. हात थरथरायला लागला, पदरानं तोंड पुसलं, पुढं शब्द नाही. यात नवल काही नाही. चार माणसं आपल्याकडं रोखून बघायला लागली की शरीराला वाटतं संकट आलं. छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, श्वास वरवर चालायला लागतो. अशा वेळी श्वास घ्यायला जेवढा वेळ लावतो त्याच्या दुप्पट वेळ सोडायला लावायचा, चारपाच वेळा. ठोके खरंच खाली येतात. हे मी सगळ्यांना सांगतो, तेव्हाही सांगणार होतो. पण खाली बसलेली त्यांची धाकटी जाऊ माझ्या आधी बोलली.

‘अवो आक्का, पयलं टाकीचं सांगा की.’

‘काय टाकीचं?’

‘कवा बांधली?’

‘दोन सालं झाली.’

‘मंग पानी?’

‘कुठलं आलंय पानी! पारवे ऱ्हायलेत तिच्यात.’

बाया हसल्या. जाऊ काही सोडेना. ‘आन् मानशी किती द्यायचं ठरलंय?’

‘55 लिटर. मंजी चार-पाच घागरी धर एका मानसाला. आमच्या घरात सात मानसं. तिसेक घागरी झाल्या का न्हाई? मला एक घागर दाखवा सरकारनं, मी आत्ता खाली बसते.’

त्या बसल्या नाहीत. चांगल्या दहा मिनिटं बोलल्या, ठेकेदारापासून रात्री दोनला हातपंपावर लागणाऱ्या रांगेपर्यंत. माणशी रोज 55 लिटर हे सरकारी माप मी कितीतरी भाषणांत ऐकलं होतं आणि तेवढ्याच वेळा विसरलो होतो. ते घागरींत मोजलेलं पहिल्यांदा ऐकलं, आणि आता विसरणं शक्य नाही. आकडा श्रोत्याच्या मापात सांगावा असा सल्ला मी वहिनींना दिला असता तर त्यांनी नुसती मान डोलावली असती. जावेनं विचारलं म्हणून तो त्यांच्या तोंडून आपोआप घागरींत आला.

पुढं त्या बायांनी युक्तीच काढली. सभेला जोडीनं जायचं. एकीनं माइक घ्यायचा, दुसरीनं पुढच्या रांगेत बसून विचारायचं. ग्रामसभेत एकट्या बाईला ‘बसा ताई, बघू पुढं’ म्हणून गप्प करणं सोपं असतं. दोघींचं आपसात चाललेलं बोलणं मध्येच कसं तोडणार, हे वर बसलेल्यांना उमजेना. पाणी आलं का? अजून नाही. पण टाकीचा विषय इतिवृत्तात लिहिला गेला आणि त्यावर सह्या झाल्या.

आता वर्गात मी हेच करतो. भाषण लिहून आणलेल्या मुलाला म्हणतो, कागद उलटा ठेव. समोर एकाला बसवतो आणि त्याच्याकडं तीनच प्रश्न देतो: ‘मग?’, ‘कशावरून?’ आणि ‘आम्हाला काय त्याचं?’ तिसरा सगळ्यात दुष्ट आहे. एक मुलगी ‘वृक्षतोड: एक गंभीर समस्या’ घेऊन आली होती. ऑक्सिजन, पृथ्वीचा समतोल, संतांचे दाखले, सगळं जागच्या जागी. समोरच्या पोरानं विचारलं, ‘कुठली झाडं?’ ती गप्प. मग म्हणाली, ‘आमच्या फाट्यावरचे वड.’ रस्ता रुंद झाला तेव्हा ते गेले. ‘मग?’ मग काय, एसटीची वाट बघत उभं राहायला सावली नाही, म्हणून तिची आजी आता दवाखान्याला सकाळच्या गाडीनंच जाते आणि दुपारची गाडी येईपर्यंत मेडिकलच्या पायरीवर बसून राहते. ऑक्सिजन तिनं स्वतःच काढून टाकला. स्पर्धेत समोर कुणी ‘मग?’ म्हणणारं नव्हतं, पण जिथं तो शब्द आला होता तिथं ती थांबत गेली, आणि त्या थांब्यावर लोक पुढं सरकून बसत होते. नंबर आला नाही. ‘अडखळते’ असा शेरा मिळाला.

मोठ्या वक्त्यांमध्ये हा समोरचा माणूस आतच मुरलेला असतो, असं मला वाटतं. कुरुंद्याचे नरहर कुरुंदकर, नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य. ते 1982 साली गेले, मला त्यांना ऐकायला मिळालं नाही, फक्त छापलेली व्याख्यानं वाचलीत. त्या छापील पानांतही ते सारखे कुणाशी तरी वाद घालताना दिसतात. वाचता वाचता आपल्या मनात एक शंका येते आणि पुढच्या परिच्छेदात तिची दखल घेतलेली असते. बाभळगावचे विलासराव देशमुख हजरजबाबी म्हणून ओळखले जायचे. हजरजबाबीपणाला आपण जिभेची करामत समजतो. मला ती कानाची वाटते, कारण खालून काय आलं हे ज्यानं नीट ऐकलं त्यालाच चटकन उत्तर सुचतं.

समोरच्याला बोलतं करण्याच्या या तऱ्हेच्या नकलाही पुष्कळ निघाल्यात. ‘पाणी पाहिजे का नको?’ असं विचारून लोकांकडून ‘पाहिजे’ वदवून घेणं हा प्रश्न नव्हे, ती हजेरी. सूत्रसंचालक ‘टाळ्यांचा आवाज इथपर्यंत आला नाही’ म्हणतो तेव्हा मला त्या टाळ्या वाजवणाऱ्यांची कीव येते. हल्ली प्रेरणादायी व्याख्यानं देणारे येतात, शेजाऱ्याच्या डोळ्यांत बघून ‘तू करू शकतोस’ म्हणा असं सांगतात. आमच्याकडं शेजारी बसलेला बहुधा भावकीतला निघतो आणि त्याच्याशी बांधाचा वाद चालू असतो. डोळ्यांत बघायला सांगणं धोक्याचं आहे.

थोडं यंत्रांविषयी, कारण निम्मी भाषणं तिथं मरतात. कार्यक्रमातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस अध्यक्ष नसतो, माइकवाला असतो. त्याला आधी भेटावं, चहा पाजावा आणि सांगावं, ‘मामा, इको काढा.’ भजनासाठी लावलेला इको तो भाषणालाही तसाच ठेवतो आणि प्रत्येक शब्दावर दुसरा शब्द चढतो. रस्त्याच्या कडेनं लांबवर भोंगे लावले असतील तर आणखी सांभाळावं. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. 170 मीटरवरच्या भोंग्यातला शब्द जवळच्या भोंग्यापेक्षा अर्धा सेकंद उशिरा पोचतो, आणि जवळच्या भोंग्यापाशी बसलेल्याला तुम्ही दोनदा ऐकू येता. वाक्य लहान ठेवायचं, संपलं की थांबायचं. मोकळ्या मैदानावर बोलायची सवय असलेले कीर्तनकार हे कुणी न शिकवता करतात.

बसायची मांडणीही बघावी. पुढं मान्यवरांचे सोफे, मग मोकळी जागा, मग सतरंजी, त्यामागं खरे ऐकणारे. तोंडावर हॅलोजन मारलेला असला तर ते दिसतही नाहीत, तो आधी लोकांकडं वळवून घ्यायचा. आमच्याकडं पुरुष एका बाजूला, बाया दुसऱ्या बाजूला बसतात आणि वक्ता अख्खं भाषण पुरुषांच्या बाजूला बघून देतो. मी मुलांना सांगतो, बायांच्या बाजूला बघून सुरुवात करा. तिथून हुंकार लवकर येतो, कारण तिकडं कुणी फारसं बघतच नाही. सभा लहान असेल तर स्टेजवरून उतरून सोफ्यांच्या मागच्या मोकळ्या जागेत येऊन बोलायला काय हरकत आहे? सोफ्यावरच्यांना मान वळवावी लागते, तेवढाच त्यांना व्यायाम.

श्रद्धांजलीचं मात्र मला अजून नीट सुटलेलं नाही. तिथं कुणी हूं म्हणत नाही, म्हणूही नये. गेलेल्या माणसाच्या घरचे खाली मान घालून बसलेले असतात आणि बोलणाऱ्याला कशाचाच ठाव लागत नाही. मग तो ‘पोकळी निर्माण झाली’ वर जातो, तिथून ‘कधीही न भरून येणारी’ वर. माझ्यापुरतं मी ठरवलंय की गेलेल्या माणसाचा एखादा प्रसंग सांगायचा, जो त्याच्या घरच्यांनाही ठाऊक नसेल. मग खाली घातलेली एखादी मान वर होते. असा प्रसंग आपल्याकडं नसेल तर नाव पुकारलं तरी हात जोडून जागेवरच बसून राहायचं. लोक राग धरतात, पण थोडे दिवस.

परवा अकरावीतल्या एका मुलीनं विचारलं, ‘सर, एवढं सगळं करून समोरून कुणीच हूं केलं नाही तर?’

‘तर पाच मिनिटांचं तीन मिनिटांत आटोपायचं आणि खाली बसायचं.’

‘वेळेचे गुण कापतील की.’

‘कापतील,’ मी म्हटलं.